समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

मनावरचा ताण असह्य झाला, घरातले बोलणे खुंटले किंवा रात्रीची झोप उडाली, की शहरांतील माणसे आता समुपदेशकाचा पत्ता शोधू लागली आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र भाड्याचे घर पाहताना दहा प्रश्न विचारणारी व्यक्ती समुपदेशकासमोर बसताना बहुधा एकही प्रश्न विचारीत नाही. ते प्रश्न कोणते आणि ते का विचारावेत, याचा हा ऊहापोह.

'समुपदेशन' या शब्दातच एक अडचण दडलेली आहे. त्यात 'उपदेश' आहे. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्या व्यक्तीची अशी समजूत असते, की आपण आपली हकिकत सांगायची, समोरच्या जाणकाराने ती ऐकून घ्यायची आणि शेवटी काय करावे ते सांगायचे. नोकरी सोडू की नको? सासूबाईंशी कसे वागू? मुलाचा मोबाइल काढून घेऊ का? तासाभराने अशा प्रश्नांची तयार उत्तरे हाती पडली नाहीत, की 'नुसते ऐकूनच घेतात, सांगत काहीच नाहीत' अशी निराशा पदरी येते आणि दुसरी भेट होतच नाही.

वास्तविक सल्ला देणारी माणसे आपल्याभोवती पुष्कळ असतात. मावशी असते, शेजारचे काका असतात, कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी असतात. प्रशिक्षित समुपदेशकाचे काम निराळे आहे. व्यक्तीला आपल्या विचारांची, भावनांची आणि वागण्याची घडण ओळखता यावी, तिच्यापुढील पर्याय तिला स्पष्ट दिसावेत आणि निर्णय तिचा तिला घेता यावा, यासाठी तो शास्त्रीय पद्धतीने साहाय्य करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात 'पेशंट'ऐवजी 'क्लायंट' हा शब्द रूढ केला, त्यामागे हीच भूमिका होती. येणारी व्यक्ती निष्क्रिय रुग्ण नाही. या कामातील ती बरोबरीची भागीदार आहे. आणि भागीदाराला अटी विचारण्याचा हक्क असतो, ही गोष्ट पहिल्या भेटीआधीच लक्षात घेतली पाहिजे.

पाटीवरील नाव आणि त्यामागील शिक्षण

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात निरनिराळे व्यावसायिक काम करतात आणि सर्वसामान्यांच्या मनात त्यांची गल्लत होते. मनोविकारतज्ज्ञ हे प्रथम डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर त्यांनी मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते आणि मानसिक विकारांवरील औषधे लिहून देण्याचे काम त्यांचे आहे. वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातील उच्च शिक्षण आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले असतात. मानसिक विकारांचे मूल्यमापन, मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार ही त्यांची कामे होत. १९९२च्या कायद्यान्वये त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे की नाही हे कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते.

समुपदेशक मात्र अनेक वाटांनी या व्यवसायात येतात. कोणी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेले असते, कोणी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी घेऊन मनोसामाजिक क्षेत्रात आलेले असते, तर कोणी केवळ काही आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून पाटी लावलेली असते. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशनाशी संबंधित काही व्यवसाय या कायद्याच्या अनुसूचीत आले आहेत. तथापि कायदा होणे आणि नोंदणीची व्यवस्था गावोगाव उभी राहणे यांत अंतर असते. म्हणूनच 'समुपदेशक' या एका शब्दावरून समोरच्या व्यक्तीचे शिक्षण ओळखता येईल, असे मानून चालणार नाही.

यावर उपाय सोपा आहे, तो म्हणजे विचारणे. आपण कोणती पदवी घेतली, कोणत्या विद्यापीठातून, किती वर्षे काम करीत आहात, माझ्यासारख्या अडचणींवर काम केले आहे काय आणि आपल्या कामावर एखाद्या ज्येष्ठ व्यावसायिकाचे पर्यवेक्षण आहे काय? यांपैकी शेवटचा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, पण तो मोलाचा आहे. चांगले समुपदेशक आपल्या अवघड प्रकरणांची, नावे न सांगता, अनुभवी सहकाऱ्यांशी नियमित चर्चा करतात. या प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही. प्रशिक्षित व्यावसायिक त्यांची उत्तरे सहजपणे देतो. उत्तर देण्याऐवजी कोणी रागावत असेल किंवा 'माझ्यावर विश्वास ठेवा' एवढेच म्हणत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

पहिल्या भेटीत काय होते

पहिली भेट मुख्यतः ओळखीची आणि माहितीची असते. अडचण काय आहे, ती केव्हापासून आहे, यापूर्वी उपचार घेतले होते काय, झोप, भूक, शारीरिक आजार, चालू असलेली औषधे, घरातील माणसे, व्यसने, अशा अनेक गोष्टी विचारल्या जातात. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात काय, हाही प्रश्न थेट विचारला जाऊ शकतो. तो ऐकून दचकण्याचे कारण नाही. काळजीपूर्वक काम करणारा समुपदेशक तो विचारतोच.

याच भेटीत शारीरिक कारणांचा विषय निघाला पाहिजे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही मरगळ, उदासी आणि चिडचिड संभवते. 'आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या' असे कोणी सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नये.

भेट साधारणतः पाऊण तास ते तासभर चालते. जाण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात : सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, तो केव्हा वाढतो आणि काही महिन्यांनी आपल्या आयुष्यात नेमका कोणता बदल दिसावा असे वाटते. 'मला बरे वाटावे' यापेक्षा 'सोमवारी सकाळी कार्यालयात जाताना पोटात गोळा येऊ नये' हे उद्दिष्ट अधिक उपयोगी पडते, कारण ते साधले की नाही हे पुढे पाहता येते.

सगळे काही पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे, असेही नाही. ज्या विषयावर बोलायची तयारी नाही, तेथे 'यावर नंतर बोलेन' असे म्हणण्याची मुभा असते. पहिल्या भेटीनंतर काहींना हलके वाटते, तर अनेकांना उलट थकवा येतो. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले उघड केल्यावर मन दोन दिवस अस्वस्थ राहणे स्वाभाविक आहे. शक्य असेल तर त्या संध्याकाळी महत्त्वाची कामे ठेवू नयेत.

गुप्तता : किती आणि कोठवर

'मी येथे बोललेले घरी कळणार नाही ना?' ही बहुतेकांच्या मनातील पहिली शंका असते. गुप्तता हा समुपदेशनाचा पायाच आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८पासून अमलात आला. त्याच्या २३व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी व उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला असून, तिची शुश्रूषा वा उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. कायद्याचा आधार बाजूला ठेवला तरी, क्लायंटची परवानगी न घेता पती, पत्नी, आईवडील किंवा वरिष्ठ अधिकारी यांना काहीही न सांगणे हा या व्यवसायाच्या नीतिनियमांचा भाग आहे. घरातील कोणी शुल्क भरीत असले, तरी त्यामुळे त्यांना प्रौढ व्यक्तीची हकिकत ऐकण्याचा अधिकार मिळत नाही.

परंतु ही गुप्तता निरपवाद नाही आणि तिच्या मर्यादा पहिल्याच भेटीत समजून घ्याव्यात. क्लायंटच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असल्याचे दिसले, तर तो टाळण्यापुरती माहिती योग्य व्यक्तीला दिली जाऊ शकते. न्यायालयाने आदेश दिल्यास नोंदी सादर कराव्या लागू शकतात. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुराव्याच्या कायद्यात जे विशेष संरक्षण आहे, ते समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. घटस्फोटाचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी आणि आपल्या वकिलाशीही बोलून घ्यावे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अपवाद आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्यानुसार, म्हणजे 'पॉक्सो'नुसार, त्याची खबर पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. हे बंधन समुपदेशकालाही लागू आहे आणि ते मोडणे हा दंडनीय अपराध आहे. अशा वेळी समुपदेशक विश्वासघात करीत नसतो, तर कायदा पाळीत असतो. अर्थात ही अट त्याने आधीच सांगितलेली असली पाहिजे.

आत्महत्येचे विचार बोलून दाखविले तर पोलीस दारात येतील, ही भीती अजूनही अनेकांना गप्प बसविते. ती निराधार आहे. विचार मनात येणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्नाच्या बाबतीतही २०१७च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची भूमिका घेतली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलमही राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच तेथे तरतूद आहे. तेव्हा असे विचार येत असतील, तर समुपदेशकाला सर्वांत आधी तेच सांगावे.

नोंदी कोठे व किती काळ ठेवल्या जातात, भेटीचे ध्वनिमुद्रण होते काय, हेही विचारावे. लेखी वा स्पष्ट संमतीशिवाय ध्वनिमुद्रण होता कामा नये. कार्यालयामार्फत समुपदेशनाची सोय मिळत असेल, तर व्यवस्थापनाकडे नेमकी कोणती माहिती जाते, केवळ भेटींची संख्या की आणखी काही, याची खातरजमा आधी करावी.

शुल्काची भाषा

पैशांविषयी बोलण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे, आणि मनाच्या दुखण्यात तो अधिकच जाणवतो. म्हणूनच शुल्क, त्यातील वेळ, भेट रद्द केल्यास आकारणी, पैसे भरण्याची पद्धत आणि पावती या गोष्टी आरंभीच स्पष्ट झाल्या पाहिजेत. एका भेटीचे शुल्क शहराप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असू शकते. ऐनवेळी भेट रद्द केल्यास पूर्ण वा अर्धे शुल्क घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तो तास आपल्यासाठी राखून ठेवलेला असल्याने तीत गैर काही नाही, मात्र तिची कल्पना आधी मिळाली पाहिजे. एकदम वीस भेटींचे पैसे आगाऊ मागितले जात असतील, तर सावध व्हावे.

विम्याबाबतही गैरसमज आहेत. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा संरक्षण द्यावे, असे २०१७चा कायदा सांगतो आणि २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसे निर्देशही दिले. तथापि सर्वसाधारण आरोग्य विमा हा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचा असतो. दर आठवड्याच्या समुपदेशनाचा खर्च त्यातून मिळेलच असे नाही. पॉलिसीत बाह्यरुग्ण सेवेचा समावेश आहे काय, हे वाचून पाहावे.

खासगी शुल्क परवडत नसेल, तर वाट बंद होत नाही. काही समुपदेशक उत्पन्नानुसार सवलत देतात. ती विचारण्यात कमीपणा नाही. मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि जे. जे. रुग्णालये, पुण्याचे ससून रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण सेवा मिळते. स्वयंसेवी क्षेत्रात ठाण्याची 'आयपीएच' ही संस्था १९९०पासून मानसिक आरोग्याचे काम करीत आहे, तर टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा दूरध्वनीवरून समुपदेशन देते.

पद्धती आणि कालावधी

समुपदेशनाच्या अनेक पद्धती आहेत. ॲरन बेक यांच्या कार्यातून पुढे आलेली बोधनिक वर्तनोपचार पद्धती विचारांतील सवयी तपासते आणि घरी करण्याचा अभ्यासही देते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाची आहे. आपल्या भावनांना प्रसंगापेक्षा त्याविषयीच्या आपल्या हट्टी धारणा अधिक जबाबदार असतात, हे तिचे सूत्र. रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्रित पद्धती समजून घेणाऱ्या, न्यायनिवाडा न करणाऱ्या नात्यावर भर देते. मनोविश्लेषणाच्या परंपरेतील पद्धती बालपणापासूनच्या नात्यांचा मागोवा घेतात आणि त्यांना अधिक काळ लागतो. क्लायंटने या साऱ्यांचा अभ्यास करण्याची गरज नाही. 'माझ्या अडचणीवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम कराल आणि ती का निवडली?' एवढे विचारले आणि त्याचे उत्तर साध्या मराठीत मिळाले, तरी पुरे. निरनिराळ्या पद्धतींवरील दीर्घकालीन संशोधनातून एक बाब वारंवार पुढे आली आहे : क्लायंट व समुपदेशक यांच्यात विश्वास आणि उद्दिष्टांविषयी एकमत असेल, तर परिणाम चांगले मिळण्याची शक्यता वाढते.

किती भेटी लागतील, याचे नेमके उत्तर प्रारंभी देता येत नाही. १९८६ साली केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचारावरील पूर्वीच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सुमारे ५० टक्के व्यक्तींमध्ये आठव्या भेटीपर्यंत आणि सुमारे ७५ टक्के व्यक्तींमध्ये २६ भेटींपर्यंत मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली. हे आकडे पाश्चात्त्य देशांतील आहेत आणि प्रत्येक अडचणीला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु दोन बोध त्यातून घेता येतात. एकाच भेटीत चमत्काराची अपेक्षा धरू नये आणि महिनोन्‌महिने काहीच बदलत नसताना निमूटपणे जातही राहू नये. साधारण सहा-आठ भेटींनंतर दोघांनी मिळून आढावा घेण्याची पद्धत चांगली.

मर्यादा कोणी ओलांडल्या तर

समुपदेशनाचे नाते जवळचे असले तरी ते मैत्रीचे नाही. भेटीबाहेर हॉटेलात भेटणे, पैसे उसने मागणे, आपली उत्पादने किंवा गुंतवणूक योजना खपविणे, एखाद्या पंथाचा वा व्रतवैकल्यांचा आग्रह धरणे, स्वतःच्या संसाराची रडगाणी ऐकविणे, या सर्व गोष्टी मर्यादाभंगाच्या आहेत. लैंगिक जवळीक तर कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. क्लायंटची 'संमती' होती हा बचावही तेथे टिकत नाही, कारण या नात्यात सत्तेचे पारडे एकाच बाजूला झुकलेले असते.

'शंभर टक्के गुण येईल' अशी हमी देणारा, मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे परस्पर बंद करावयास सांगणारा किंवा समलैंगिक व्यक्तीला 'बदलवून' देण्याचा दावा करणारा समुपदेशक त्याज्य समजावा. या शेवटच्या प्रकारचे तथाकथित उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत. जात, धर्म, विवाह वा मूल न होणे यांवरून क्लायंटला लाजविणे हेही समुपदेशनात बसत नाही.

तक्रार करावयाची झाल्यास डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे दाद मागता येते. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटींसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग असतो. गुन्हा घडला असेल तर पोलिसांत जावे. यासाठी पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत.

जोडपी, मुले आणि पडद्यावरील भेट

पतीपत्नी एकत्र जातात तेव्हा समुपदेशक कोणा एकाचा वकील नसतो आणि न्यायाधीशही नसतो. एकाने खासगीत सांगितलेली गोष्ट तो दुसऱ्यापासून लपवील काय, याविषयीचे त्याचे धोरण दोघांनाही सुरुवातीलाच ठाऊक असावे. घरात मारहाण किंवा धाकदपटशा होत असेल, तर एकत्र बसून बोलणे धोक्याचे ठरू शकते. घरी परतल्यावर बोलल्याची किंमत मोजावी लागते. अशा स्त्रीने प्रथम एकटीने मदत घ्यावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे आणि मुंबईत महापालिका रुग्णालयांतील 'दिलासा' केंद्रे हेच काम करतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, परंतु मुलाने सांगितलेला प्रत्येक शब्द पालकांना कळविला गेला, तर मूल पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर पालकांना सांगितले जाईल, एरवी केवळ प्रगतीची कल्पना दिली जाईल, असा करार मुलासमक्षच व्हावा. मुलाला 'फिरायला जाऊ' असे खोटे सांगून समुपदेशकाकडे नेऊ नये.

करोनाच्या साथीनंतर पडद्यावरून होणाऱ्या भेटी रूढ झाल्या आहेत. प्रवासाचा वेळ वाचतो आणि परगावी वा परदेशी असलेल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलता येते, हे त्यांचे लाभ. दोन खोल्यांच्या घरात मात्र एकांत मिळत नाही, ही खरी अडचण आहे. कान-यंत्र लावून, दार बंद करून, घरातील माणसे बाहेर असतील अशी वेळ निवडावी. भेटीच्या प्रारंभी आपण कोठे आहोत ते समुपदेशकाला सांगावे आणि जवळच्या एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा. अडीअडचणीच्या प्रसंगी मदत पोहोचविण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

समुपदेशक बदलणे आणि थांबणे

चांगला समुपदेशकही प्रत्येकाला मानवतो असे नाही. दोन-तीन भेटींनंतरही मोकळे वाटत नसेल, तर ते समोर बोलून दाखवावे. 'मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागले' असे सांगता येणे हीच पुष्कळदा मोठी पायरी ठरते. तरीही जमत नसेल, तर दुसऱ्या कोणाचे नाव सुचविण्याची विनंती करावी. काही न सांगता जाणे बंद करण्यापेक्षा एक शेवटची भेट घेऊन कामाचा समारोप करणे हिताचे असते. काय साधले, काय राहिले आणि त्रास पुन्हा सुरू झाल्यास तो कसा ओळखावा, हे त्या भेटीत ठरते.

समुपदेशन पुरेसे नसते तेव्हा

काही परिस्थितींत केवळ बोलणे पुरेसे होत नाही. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री वाटणे, अनेक दिवस झोपेची गरजच न भासणे आणि उत्साहाच्या भरात पैसा उधळणे, खाणेपिणे सुटणे, दारू थांबविताच हातपाय थरथरणे, अशी लक्षणे असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. आपल्या मर्यादा ओळखून वेळीच पुढे पाठविणारा समुपदेशक हा चांगला समुपदेशक होय. औषधे आणि समुपदेशन यांचा उपयोग अनेकदा एकत्र होतो.

आणि जीव नकोसा झाला असेल, तर पुढील आठवड्याच्या भेटीची वाट पाहू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे आणि तोवर कोणा विश्वासू माणसाला सोबत थांबावयास सांगावे.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

• आपले शिक्षण, नोंदणी आणि अनुभव काय?
• माझ्यासारख्या अडचणींवर आपण काम केले आहे काय आणि कोणत्या पद्धतीने?
• मी सांगितलेली माहिती कोणाला व कोणत्या परिस्थितीत दिली जाईल?
• नोंदी कोठे राहतात?
• शुल्क किती, भेट किती वेळाची, रद्द केल्यास काय?
• दोन भेटींच्या मध्ये तातडीची गरज पडली तर काय करावे?
• प्रगतीचा आढावा केव्हा घेऊ?
• औषधांची गरज वाटल्यास आपण कोणाकडे पाठविता?

हे प्रश्न कागदावर लिहून नेले आणि वाचून विचारले तरी चालतात. मन खचलेले असताना आठवण दगा देते, हे समुपदेशकाला ठाऊक असते. यांची उत्तरे देण्यासाठी तो जी पाच-दहा मिनिटे देईल, तीही त्याच्या कामाचाच भाग आहेत.